मेल गेला कुठे? आर्काइव्हची शोधाशोध

ई-मेल आपण कुरिअरसारखा वापरतो. आला, वाचला, विसरलो. त्याची आठवण येते दोन-तीन वर्षांनी, जेव्हा समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "तसं कबूल केल्याचं काही लेखी आहे का?" मग आपण आर्काइव्ह नावाचं फोल्डर उघडतो आणि नेमका तोच मेल तिथे नसतो! अशा वेळी काही जण "डिलीट झाला असेल" म्हणून नाद सोडतात, तर काही जण दिसेल ते बटण दाबत सुटतात. माझ्या मते ही दुसरी सवय जास्त वाईट. न दिसणारा मेल बऱ्याच वेळा डिस्कवर सुखरूप असतो. तो कायमचा जातो तो आपल्या शोधाशोधीत.

(मी कॉन्व्हेंटची. मराठी दहावीपर्यंत सेकंड लँग्वेज होती, त्यामुळे 'फोल्डर'ला 'संचिका' वगैरे म्हणणं मला जमणार नाही. सांभाळून घ्या.)

आधी एक कल्पना डोक्यात पक्की करू या. तहसीलची रेकॉर्ड रूम आठवा. आत कपाटात गठ्ठे आहेत. गठ्ठा कुठल्या कप्प्यात आहे ते सांगणारं एक रजिस्टर आहे. खिडकीत बसलेले साहेब त्यातले काही गठ्ठे टेबलावर मांडून ठेवतात. आणि आपण खिडकीबाहेरून नाव सांगून कागद मागतो. मेलचंही अगदी असंच असतं. मेल म्हणजे गठ्ठा, इंडेक्स म्हणजे रजिस्टर, व्ह्यू म्हणजे टेबल आणि सर्च म्हणजे आपण खिडकीतून विचारलेला प्रश्न. "मेल नाही" हे उत्तर या चारपैकी कुठूनही येऊ शकतं. रजिस्टरचं पान फाटलं, टेबलावर गठ्ठा मांडलाच नाही, किंवा आपणच नाव चुकीचं सांगितलं, तरी उत्तर तेच. त्यामुळे पहिलं काम म्हणजे घोळ कुठल्या पातळीवर आहे ते शोधणं. दुरुस्ती नंतर.

आणि त्याच्याही आधी कॉपी! मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद करा, मेलची फाइल शोधा, तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. पेन ड्राइव्हवर घेत असाल तर तो फॅट३२ फॉरमॅटचा नाही ना ते बघा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, आणि विंडोज त्याचं कारण अशा भाषेत सांगतं की माणूस पेन ड्राइव्हलाच शिव्या देतो.

आता आपल्या रोजच्या जीमेलकडे. इथे फारसं अवघड काही नाही. जीमेलमध्ये आर्काइव्ह नावाचं फोल्डर नसतंच. आर्काइव्ह करणं म्हणजे मेलवरचं 'इनबॉक्स' हे लेबल काढणं. फोनवर बोट आडवं फिरलं की मेल इनबॉक्समधून जातो आणि आपण म्हणतो गायब झाला. तो 'ऑल मेल'मध्ये असतो. साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघत नाही. तिथेही बघायचं असेल तर सर्चच्या चौकटीत इंग्रजीत 'इन', मग कोलन, मग 'एनीव्हेअर' लिहून पुढे शब्द टाका. स्पॅम आणि ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी पुसला जातो, म्हणून प्लेसमेंटच्या सीझनला हे आठवड्यातून एकदा तरी करावं. एचआरचे मेल स्पॅममध्ये का जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!

खरी गंमत (म्हणजे डोकेदुखी) आहे ती जुन्या ऑफिसांतल्या आउटलुकमध्ये. आपल्या जिल्ह्यात जिनिंगवाले, कृषी सेवा केंद्रं, सीएंची ऑफिसं, पतसंस्था अशा बऱ्याच ठिकाणी तोच एक डेस्कटॉप आणि तेच आउटलुक वर्षानुवर्षं चालू असतं. माझ्या बाबांच्या एका मित्रांचं केज भागात ठिबकचं दुकान आहे. आपण त्यांना नुसतं काका म्हणू. २०१९ साली एका लॉटच्या ठिबकच्या नळ्या तडकल्या. कंपनीच्या तेव्हाच्या अधिकाऱ्याने मेलवर कळवलं की शेतकऱ्यांना नळ्या बदलून द्या, खर्च कंपनी देईल. काकांनी स्वतःच्या स्टॉकमधून अकरा शेतकऱ्यांना नळ्या बदलून दिल्या. पुढे तो अधिकारी गेला, कोरोना आला, हिशोब लांबत गेला. आणि गेल्या वर्षी नवीन अधिकाऱ्याने विचारलं, मंजुरीचा मेल दाखवा. रक्कम दीड लाखाच्या आसपास. छोट्या दुकानाला ती छोटी नाही.

काकांनी फोन केला तो असा: "पोरी, सगळं २०१९ सालच गायब आहे बघ. त्या साली दुष्काळ होता म्हणून मेलनं बी दडी मारली का काय!"

इनबॉक्समध्ये २०२० पासूनचे मेल. आर्काइव्हमध्ये २०१८ अखेरपर्यंतचे. मधलं एक वर्ष बरोबर कापून काढल्यासारखं. आता असं सलग, तारखेवर तुटलेलं वर्ष दिसलं की ते डिलीट झालंय असं सहसा समजू नका. माणूस डिलीट करतो तेव्हा कसंही, इकडून-तिकडून करतो. तारखेवर नेमकं तोडतं ते मशीन. म्हणजे ऑटोआर्काइव्ह.

ऑटोआर्काइव्ह काय करतं ते थोडक्यात सांगते. आउटलुक २००३ किंवा २००७ मध्ये दर १४ दिवसांनी ते "जुने मेल हलवू का?" असं विचारायचं. हो म्हटलं की इनबॉक्समधले सहा महिन्यांपेक्षा जुने आणि सेंटमधले दोन महिन्यांपेक्षा जुने मेल उचलून दुसऱ्या एका पीएसटी फाइलमध्ये टाकायचं. म्हणजे तुम्ही पाठवलेलं उत्तर आर्काइव्हमध्ये गेलेलं असतं आणि ज्याला उत्तर दिलं तो मेल अजून इनबॉक्समध्येच. अर्धा संवाद इथे, अर्धा तिथे. त्यात 'जुना' म्हणजे किती जुना हे नुसत्या आल्याच्या तारखेवर ठरत नाही. मेलमध्ये शेवटचा बदल कधी झाला तेही पाहिलं जातं. तुम्ही जुने मेल दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट केले तर सगळ्यांची बदलाची तारीख आजची होते आणि पाच वर्षांपूर्वीचा मेल आर्काइव्ह व्हायला नकार देतो. तो आर्काइव्हमध्ये सापडत नाही, कारण तो तिथे कधी गेलेलाच नसतो. आणखी एक धोक्याची जागा: त्याच सेटिंगमध्ये "हलवण्याऐवजी कायमचे पुसा" असाही पर्याय असतो. तो कुणी निवडला असेल तर मात्र मेल खरंच गेले. म्हणून ती खिडकी आधी उघडून बघा. तिथेच आर्काइव्ह फाइलचा पूर्ण पत्ताही लिहिलेला असतो.

काकांकडे त्या पत्त्यावरच उत्तर मिळालं. त्यांची आर्काइव्हची मूळ फाइल ऑफिस २००० च्या काळातली होती. कॉम्प्युटर बदलले, आउटलुक बदललं, पण फाइल तीच पुढे चालत आली. आउटलुक ९७ ते २००२ या जमान्यातल्या पीएसटीची मर्यादा २ जीबी आहे. २००३ पासून नवा प्रकार आला, त्याला २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी ही ठरलेली मर्यादा मिळाली. पण जुन्या प्रकारची फाइल नव्या आउटलुकमध्ये उघडली म्हणून ती नवी होत नाही. ती २ जीबीचीच राहते. काकांची फाइल त्या रेषेला टेकली होती. तेव्हा कुणा रिपेअरवाल्या दादाने डी ड्राइव्हवर आर्काइव्हची दुसरी फाइल करून दिली आणि २०१९ चे मेल तिच्यात गेले. पुढे विंडोज नव्याने टाकलं तेव्हा आउटलुकला फक्त जुनी फाइल जोडली गेली. दुसरी डी ड्राइव्हवर तशीच पडून! आउटलुकमध्ये पीएसटी 'क्लोज' केली की ती डाव्या बाजूच्या यादीतून जाते, डिस्कवरून जात नाही. तेव्हा पूर्ण कॉम्प्युटरवर, हिडन फाइल्स दिसू देऊन, पीएसटी या एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाइल्स शोधा आणि त्यांचे आकार नि शेवटच्या बदलाच्या तारखा कागदावर लिहा. काकांच्या मशीनवर चार निघाल्या.

सर्व्हरवर प्रत नसेल का, असं तुम्ही विचाराल. नव्हती. काकांचा मेल पीओपी पद्धतीने यायचा. त्यात 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केली नसेल तर मेल डाउनलोड होऊन सर्व्हरवरून पुसला जातो. मग ती पीएसटी हीच जगातली एकमेव प्रत. आयमॅपमध्ये उलटं असतं. खरा मेल सर्व्हरवर आणि आपल्याकडे त्याचं प्रतिबिंब. ऑफिसच्या एक्स्चेंज अकाउंटमध्ये 'किती महिन्यांचे मेल ऑफलाइन ठेवायचे' अशी एक पट्टीही असते. ती बारा महिन्यांवर असेल तर त्यामागचे मेल यादीत दिसत नाहीत, आणि लोक लगेच घाबरतात. पट्टी सरकवायची, संपलं.

काकांची फाइल जोडली, २०१९ चे मेल दिसले. हजारो. आता सर्च. मेलचा विषय मराठीत होता हे काकांना पक्कं आठवत होतं, म्हणून टाइप केलं 'शेतकऱ्यांना'. निकाल शून्य.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या भाषेत घडतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक मराठी माणसाला कळतो. तो दुसरा, पापणीसारखा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार म्हणजे युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा खास 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे ०९३० क्रमांकाचा साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारा वर्ण, झिरो विड्थ जॉइनर. 'शेतकऱ्यांना' आणि 'शेतकर्‍यांना' हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. सर्चसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. पाठवणाऱ्याचा की-बोर्ड एका पद्धतीचा आणि शोधणाऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर मेल डोळ्यांसमोर असून सापडणार नाही. 'ॲ'चंही तेच. ०९७२ क्रमांकाचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊनच काम भागवायचे, आणि अजूनही कित्येक जण भागवतात. 'ॲडव्हान्स' शोधणाऱ्याला जुन्या पद्धतीने लिहिलेला 'अॅडव्हान्स' मिळेलच याची खात्री नाही.

उपाय सोपा आहे. आउटलुकमध्ये शब्दाचा दोन्हीकडे समान असलेला सुरुवातीचा तुकडा टाका. आम्ही 'शेतक' एवढंच टाकलं आणि पंचवीसेक मेल आले, त्यात हवा होता तो सातवा. जीमेल मात्र अर्धा शब्द सहसा धरत नाही, तिथे शब्दाचा नाद सोडून पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारखांची मर्यादा यांवर शोधलेलं बरं.

त्याहून जुने, २००० च्या आसपासचे मराठी मेल असतील तर आणखी मजा. तेव्हा पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर शिवाजी, किरण असे फॉन्ट वापरले जायचे. त्यांत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर मेल म्हणजे नुसता कचरा दिसतो, आणि कचरा समजून लोक तो पुसतात. कृपया पुसू नका. फॉन्ट मिळवा किंवा युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पत्र परत वाचता येतं.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी थोडं. लिनक्सवाले वाचतायत ना? थंडरबर्डमध्ये मेलवर असताना चुकून 'ए' हे बटण दाबलं गेलं की मेल आर्काइव्हच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जातो. पण याची आतली रचना बघण्यासारखी आहे. एका फोल्डरचे सगळे मेल एकापाठोपाठ एकाच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, तिला एमबॉक्स म्हणतात. तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ते रजिस्टर. रजिस्टर बिघडलं की भरलेलं फोल्डर रिकामं दिसतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबलं की ते नव्याने लिहिलं जातं. आणि डिलीट केलेला मेल? तो लगेच पुसला जात नाही. मेलच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते. वाचलेल्या मेलला १, पुसलेल्याला ८, दोन्ही असेल तर ९. तिथे ०००९ चं ०००१ करून रजिस्टर पुन्हा बनवलं की मेल जिवंत! फक्त एका अटीवर: मधल्या काळात 'कॉम्पॅक्ट' झालेलं नसावं. कॉम्पॅक्ट म्हणजे खूण केलेले मेल वगळून फाइल पुन्हा लिहिणं. थंडरबर्ड जागा वाचवायची म्हणून ते आपणहूनही करतं. मेल हरवलाय असं वाटत असताना या बटणाला हात लावू नका. आणि अँटिव्हायरसवर लक्ष ठेवा. एका मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून तो अख्खी एमबॉक्स फाइल क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो, म्हणजे एका आंब्यासाठी पूर्ण पेटी जप्त.

आता लाइट. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी आपल्याकडे इन्व्हर्टरचा धंदा जोरात, हे सांगायला नको. आउटलुक पीएसटीमध्ये लिहीत असताना लाइट गेली तर रजिस्टर आणि गठ्ठे यांचा मेळ तुटू शकतो. त्यासाठी आउटलुकसोबतच येणारं 'इनबॉक्स रिपेअर टूल' आहे, फाइलचं नाव स्कॅनपीएसटी. ते दुरुस्तीआधी बॅकअप घेऊ का विचारतं. हो म्हणा, आपली वेगळी प्रत असली तरी. एकदा चालवून भागत नाही. चुका निघायच्या थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. ज्या मेलचं मूळ फोल्डर त्याला समजत नाही, ते तो 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि माणसं नेमकं तेच फोल्डर बघायला विसरतात. नेटवर्कवरच्या सामाईक ड्राइव्हवर पीएसटी ठेवून दोन-तीन जणांनी वापरणं हा फाइल बिघडवण्याचा आणखी एक हमखास मार्ग. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याला नको म्हणतं.

"क्लाउडवर आहे, आपल्याला काय काळजी" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेल वापरणाऱ्यांपैकी साधारण ०.०२ टक्के लोकांना आपला मेलबॉक्स रिकामा दिसला. गुगलकडे प्रत्येक मेलच्या अनेक प्रती होत्या, पण स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने त्या सगळ्याच प्रतींवर परिणाम झाला. शेवटी मेल परत आले ते टेपवरून. हो, टेप! बाजूला काढून ठेवलेली, नेटवर्कला न जोडलेली प्रत. सिंक म्हणजे बॅकअप नाही, ते याच कारणाने. इथलं पुसलं की तिथलंही पुसलं जातं.

काकांचा मेल सापडला, त्यांनी लगेच मोबाइलने पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवला. कंपनी म्हणाली, मूळ मेल पाठवा. राग येण्यासारखं असलं तरी कंपनीचं म्हणणं चूक नव्हतं. फोटोत किंवा साध्या फॉरवर्डमध्ये मेलचा पूर्ण हेडर येत नाही, म्हणजे तो कुठल्या सर्व्हरवरून, कधी, कसा आला ते. 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' केलं किंवा 'सेव्ह ॲज'ने मेसेज फॉरमॅटमध्ये फाइल काढली की हेडर शाबूत राहतो. ते केलं. क्रेडिट नोट अजून आलेली नाही, पण "असा मेलच नाही" हे म्हणणं बंद झालंय.

प्रकरण कोर्टात गेलं तर नियम आणखी कडक आहेत, आणि त्यातला महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून आलाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातले उमेदवारी अर्ज वेळेत भरले का, यावर वाद झाला आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असेल आणि सगळे प्रयत्न करूनही तो देत नसेल, तर सूट मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ त्या जागी आलंय आणि त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक बिट बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ पीएसटी बाजूला ठेवून प्रतीवर काम करा हे मी सुरुवातीला म्हटलं, त्याला हे दुसरं कारण.

राहता राहिले आपण, फायनल इयरवाले. कॉलेजचं मेल अकाउंट पास आउट झाल्यावर किती दिवस चालू ठेवायचं हे कॉलेजच्या हातात असतं. स्वतःचं जीमेल असेल तरी दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंटं पुसायला गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. तेव्हा प्रोजेक्टचे, इंटर्नशिपचे, फीच्या पावत्यांचे मेल आत्ताच गुगल टेकआउटने उतरवून घ्या. कॉलेजच्या अकाउंटला टेकआउट बंद असेल तर लॅबमधल्या सरांना विचारा. हातात येते ती एमबॉक्स फाइल, वर सांगितलेलीच, थंडरबर्डमध्ये उघडते. उतरवून झाल्यावर एकदा उघडून आतले मेल मोजा आणि जीमेलच्या 'ऑल मेल'शी ताडून बघा. मोजण्याआधी जीमेलमधला कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करा, नाहीतर तो सुटे मेल न मोजता संवाद मोजतो. टेकआउटचा आकडा कमी निघाला तर डाउनलोड अर्धवट आहे. रात्री हॉस्टेलचं नेट मोकळं असतं तेव्हा पुन्हा लावा.